सलोत्र्यावरची अर्जी

अठरा वर्षं मी हिंगोलीच्या तहसील कचेरीसमोर बसून लोकांच्या तक्रारी लिहिल्या. माझं नाव चाँद पाशा, धंद्यानं अर्जनवीस. ज्याला उर्दू येत नाही आणि ज्याचं गाऱ्हाणं सरकारच्या कानावर जायला पाहिजे, त्याचं बोलणं मी सरकारच्या भाषेत उतरवायचो. त्यासाठी निजाम सरकारची शिक्क्याची सनद होती माझ्याकडं. अक्षर असं, की परभणीचे कारकूनसुद्धा म्हणायचे, पाशाची अर्जी वाचायला चष्मा लागत नाही. मला त्याचा गर्व होता आणि तो मी कधी लपवला नाही.

लोक मला तापट म्हणायचे. असेन. बांधाचं भांडण सांगायला आलेला माणूस पणजोबापासून सुरुवात करायचा आणि दुपार झाली तरी बांधापर्यंत पोचायचा नाही. मी ओरडायचो, "अरे, मुद्दा काय तो बोल." मुद्दा काढून घेण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता.

आमचे उस्ताद सांगायचे, साहेबासमोर दिवसाला चाळीस कागद जातात, आळणी अर्जी कोण वाचणार? अर्जीला मसाला लागतो. तक्रार सरकारी माणसावर असेल तर मसाले तीन : लाच घेतली, शिवीगाळ केली, नाहीतर नशेत होता. तिन्हीतला एक घालायचाच, खरा असो की नसो. साहेब लोकांनाही हे ठाऊक असतं; पण तेवढ्या शब्दापाशी नजर थबकते आणि मग बाकीचं वाचलं जातं. मी तसंच करत आलो. कोणी बोट ठेवलं नाही.

हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे झालं त्यात चूक कोणाची, हे ऐकणाऱ्याला पहिल्यापासून कळलेलं बरं.

१३५० फसलीचा, म्हणजे इंग्रजी १९४१चा, हिवाळा सरत आला होता. गोरेगावकडं बुळकांडीनं जनावरं पटापट मरत होती. डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, मग हगवण, आणि आठवड्याच्या आत खेळ खलास. अशात एका सकाळी गोरेगावजवळच्या तांड्यावरून दोन माणसं चालत आली. एक हरिचंद नायक, तांड्याचा म्होरक्या, साठी उलटलेला. दुसरी नानीबाई, त्याच्या मेलेल्या भावाची बायको. मला वाटलं नायक बोलेल. तो जमिनीकडं बघत बसला आणि बोलली बाई.

"मुन्शीजी, सलोत्र्यावर अर्जी लिवायची हाय."

सलोत्री म्हणजे जनावरांचा सरकारी डॉक्टर. व्यंकटराव नावाचा हा सलोत्री दोनच महिन्यांपूर्वी हैद्राबादहून आला होता. मी त्याला अजून पाहिलंही नव्हतं.

"मुद्दा सांगा," मी म्हणालो.

आणि तिनं मुद्दाच सांगितला. अठरा वर्षांत इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं.

"आमच्या तांड्याची शेहेचाळीस जनावरं. सलोत्री आला, सुई द्यायला लागला. शिंगं धरायला मी व्हते. एकोणीस जनावरांला सुई दिली अन् बाटल्या सरल्या. राहिली सत्तावीस. त्यांच्या शिंगांला त्यानं नुस्ता तांबडा पट्टा ओढला."

"पट्टा कसला?"

"सुई दिली की शिंगाला तांबडा रंग लावतात. पट्ट्याचं जनावर असलं तरच गावाच्या पाणवठ्यावर जाऊ देतात. मी म्हनलं, साहेब, ह्यांला सुई न्हाई. तर म्हनला, पट्टा हाय नं, मग झालं. रजिस्टरात आकडा पुरा जायला पाहिजे."

"तुम्ही मोजलंत एकोणीस?"

"मोजायचं कशाला? नावं हायती." आणि तिनं बोटांची पेरं न मोजता म्हणून दाखवली. धवळी, लाखी, भुरी, मोरणी, चांदी, तिची कालवड... एकोणीस नावं, ज्या क्रमानं सुई मिळाली त्या क्रमानं. मी मनातल्या मनात मोजत होतो. एकोणीसच भरली.

पुढचं तिनं तितक्याच सरळ सांगितलं. पट्ट्याची सगळी जनावरं गावाच्या पाणवठ्यावर गेली. दहा-बारा दिवसांत बिनसुईच्या सत्तावीसांना रोग लागला, त्यांच्याकडून गावच्या जनावरांना. सत्तावीसातली बावीस मेली. सुईच्या एकोणीसांतली सतरा उभी होती. गाव खवळलं. तेव्हा सलोत्र्यानं रिपोर्ट दिला, की मी शेहेचाळीसच्या शेहेचाळीस जनावरांना सुई दिली आहे. तांड्यातल्या लोकांनी चोरून जवळा बाजार गावाहून नवी जनावरं आणली आणि रोग त्यांनी पसरवला. त्या रिपोर्टावर हुकूम निघाला होता. पंधरा दिवसांत तांडा उठवायचा.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

"उठून जाणार कुठं?" हरिचंद नायक पहिल्यांदा बोलला. "बुळकांडीचा तांडा म्हनल्यावर कोन्तं गाव जवळ करंल? तीन पिढ्या झाल्या तितं. हीर आमी खंदली. जवारी उभी हाय."

मी कागद ओढला. पण लिहिता लिहिता माझी जुनी खोड जागी झाली. मी विचारलं, "सलोत्र्यानं काही मागितलं का? कोंबडं, तूप?"

"न्हाई."

"शिव्या दिल्या?"

"न्हाई. जी लावून बोलत व्हता."

मला चीडच आली. काय बाई आहे! बावीस जनावरं मेली, तांडा उठतोय, आणि ही त्या माणसाच्या जिभेची तारीफ करून राहिली. अशी अर्जी साहेबांच्या टेबलावर कोण वाचणार? तिसरा मसाला मी तिला विचारलाच नाही. सरळ लिहून टाकलं, की सदर सलोत्री त्या दिवशी नशेच्या हालतमध्ये होते. वाक्य छान बसलं. मग उर्दूतला कागद तिला वाचून काय दाखवायचा, असं म्हणून मी नुसतं सांगितलं, "तुम्ही बोललात ते सगळं आलंय." तिनं अंगठा उठवला. खाली लिहिणाऱ्याची म्हणून माझी सही.

हुकूम निघाल्याच्या नवव्या दिवशी तहसीलदार साहेबांनी दोन्ही बाजूंना बोलावलं. तांडा उठायला सहा दिवस उरले होते. साहेब गुलबर्ग्याकडचे, मराठी येत नव्हती. नानीबाईला उर्दू येत नव्हती. म्हणून दुभाषा म्हणून मलाच आत घेतलं. मला बरंच वाटलं. माझीच अर्जी, माझाच तर्जुमा.

व्यंकटराव सलोत्री आधीच खुर्चीवर बसला होता. तिशीतला, इस्त्रीचा कोट, नखं स्वच्छ कापलेली. शिपायानं सगळ्यांसाठी चहा आणला. सलोत्र्यानं हात जोडून कप परत केला. साहेब हसून म्हणाले, परवा माझ्या घरीही यांनी चहा परत पाठवला. पाणी आणि दूध याखेरीज यांच्या पोटात काही जात नाही म्हणे.

ते ऐकलं आणि मला अर्जीतलं माझं ते नशेचं वाक्य आठवलं.

साहेबांनी अर्जी मोठ्यानं वाचायला घेतली. एकोणीस, सत्तावीस, तांबडा पट्टा. ऐकता ऐकता सलोत्र्याची मान खाली खाली जात होती. मला दिसत होतं, घाव बराबर बसून राहिले होते. मग ते वाक्य आलं. साहेब थांबले. त्यांनी ते दुसऱ्यांदा वाचलं. सलोत्र्यानं मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"सरकार," तो शांतपणे म्हणाला, "जो माणूस चहा पीत नाही, तो नशेत होता? ह्या अर्जीचा खरेपणा एवढ्यावरून बघावा."

साहेबांनी कागद खाली ठेवला. ते कडक होते, पण वाकडे नव्हते. त्यांनी आपला नियम सांगितला : अंगठ्याखालच्या अर्जीत एक गोष्ट खोटी निघाली, तर मी सगळा कागद फेकून देतो, आणि सरकारी माणसावर खोटं बालंट आणल्याबद्दल अर्जदारावर खटला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई को पूछो, सलोत्री नशे में था क्या?"

मी नानीबाईकडं पाहिलं. ती माझ्याकडंच बघत होती, मी काय विचारतो म्हणून. तिला खरं बोलायची हलफ दिली होती. ती खोटं बोलणार नव्हती, हे मला त्या एकोणीस नावांवरूनच कळलं होतं. आणि मी काय केलं? मी विचारलं, "नानीबाई, साहेब विचारतात, सलोत्री त्या दिवशी तांड्यावर आला होता का?"

"व्हय," ती म्हणाली.

"जी हाँ, सरकार," मी म्हणालो.

"झूठ," सलोत्री उठून उभा राहिला. त्याला मराठी येत होती; तांड्यावर बाईशी तो मराठीतच बोलला होता. ते मी त्या क्षणी साफ विसरलो होतो. "सरकार, यांनी बाईला वेगळंच विचारलं. मी आलो होतो का, असं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी एकाच अर्जीपायी दोनदा केलं. साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मला खाली बघावं लागलं. त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं आणि स्वतःच, तोडक्यामोडक्या बोलीत, हाताचा अंगठा तोंडाकडं नेऊन विचारलं, "बाई, ये सलोत्री, दारू, पिया था?"

नानीबाईनं आधी साहेबांकडं, मग सलोत्र्याकडं पाहिलं.

"न्हाई. शुद्धीत व्हता. शुद्धीत व्हता म्हनून तर आले मी. पेलेला असता तर म्हनलं असतं, चुकलं माकलं. ह्यानं बाटली बघून, जनावर बघून, समजून उमजून पट्टा ओढला."

'न्हाई' कळायला साहेबांना दुभाषा लागला नाही. बाकीचं त्यांना समजलं नाही, आणि ते सांगायची मला परवानगी नव्हती. त्यांनी दौत जवळ ओढली. मग नियमाप्रमाणं एकच प्रश्न उरला होता, तो त्यांनी मला विचारला. हे वाक्य बाईनं तुला सांगितलं होतं का?

बाई म्हणाली असती "व्हय", तर काय बिघडलं असतं? खरं सांगतो, पहिला विचार हाच आला. मला तिचाच राग आला. एका शब्दानं सगळं निभावलं असतं. मग भीती आली. "हो, तिनंच सांगितलं" एवढं म्हणालो की मी सुटणार होतो. बाई पालटली, असं ठरलं असतं. तिच्या शब्दापुढं साहेब माझाच शब्द धरणार, हेही मला ठाऊक होतं. अठरा वर्षांची ओळख होती कचेरीशी. आणि "नाही" म्हणालो तर सनद गेली. घरी बायको कमरुन्निसा, लग्नाच्या दोन पोरी. दुसरा धंदा मला येत नव्हता.

नानीबाई माझ्या जवळ सरकली. "मुन्शीजी, हे दारूचं कोन काढलं? साहेबाला सांगा की, आमी असं बोललो न्हाई." तिला वाटत होतं, सलोत्र्यानंच काहीतरी काडी घातली. माझ्यावर तिचा संशयसुद्धा नव्हता.

तेवढ्यात सलोत्री, ओठ फारसे न हलवता, मला एकट्यालाच ऐकू जाईल असं मराठीत म्हणाला, "मुन्शी, म्हणा बाईनंच सांगितलं. तुमचंही भागेल, माझंही भागेल."

जी लावून बोलला. अगदी तिनं सांगितलं होतं तसंच. आणि मला कळलं, की ह्या खोलीत हा माणूस मला आपल्यातला समजून राहिला आहे. त्याचं काही चुकत नव्हतं. त्यानं सुई न देता आकडा पुरा केला, मी न विचारता अर्जी पुरी केली. राग तर होताच; तो इतका वेळ बाईवर होता, तो आता बरोबर जागेवर आला.

"सरकार," मी म्हणालो, "बाईनं सांगितलं नाही. ते वाक्य माझं आहे. मी तिला विचारलं नाही, वाचूनही दाखवलं नाही. बाकी सगळं तिचं आहे आणि त्यात माझा एक शब्द नाही."

साहेबांनी विचारलं, "क्यों लिखा?" मी सांगितलं, अर्जी वाचली जावी म्हणून. ते म्हणाले, म्हणजे खोटं तुझं, बाईचं नाही. मग त्यांनी त्या वाक्यावर आडवी रेघ मारली, बाजूला सही केली आणि म्हणाले, सनद उद्या सकाळी माझ्या टेबलावर आणून ठेव. सनद गेली तरी आजचं काम पुरं होईपर्यंत तूच दुभाषा. मग लगेच, जणू काही झालंच नाही, अशा आवाजात ते सलोत्र्याकडं वळले.

"शिंगाला रंग कोण लावतं?"

"मी स्वतः, सरकार. डबा कुलपात असतो. दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही."

"सुई देण्याआधी काय करता?"

"मानेवरचे केस कापतो, चार बोटं जागा. औषध लावतो, मगच सुई. केस कापल्याशिवाय मी सुई देतच नाही. कामात हयगय मला चालत नाही." आपली शिस्त सांगताना त्याचा आवाज चढला होता.

"सगळ्या शेहेचाळीसांचे कापले?"

"सगळ्यांचे."

साहेब मला म्हणाले, बाईला विचार, त्या सत्तावीसांतली जिवंत किती आहेत. ह्या वेळी मी शब्दाला शब्द विचारलं.

"पाच हायत. तीन गाई, दोन गोऱ्हे. पाचांच्या शिंगांला पट्टा हाय. मानेचा एक केस कापलेला न्हाई. मी दावते, चला."

मी ते उर्दूत सांगितलं. सलोत्र्याला ते मराठीतच कळलं होतं. तो खुर्चीत मागं टेकला. त्या स्वच्छ नखांनी तो खुर्चीचा हात खरवडत होता. म्हणाला, केस पुन्हा उगवले असतील. साहेब म्हणाले, एकोणीसांचेही मग उगवले असतील, दोन्ही शेजारी उभी करून बघू. उद्या सकाळी मी घोड्यावर निघतो, तुम्हीही चला. तांडा उठवायचा हुकूम तोपर्यंत थांबवला.

नंतरचं सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. साहेबांनी पाहिलं. एकोणीसांतल्या सतराही जनावरांच्या मानेवर चार-चार बोटं खुरटे केस होते. पाचांच्या मानेवर एक केस तुटलेला नव्हता आणि शिंगांवर रंग सरकारी डब्यातलाच. सलोत्री मोअत्तल झाला, म्हणजे नोकरीवरून बाजूला काढला. तांडा अजून तिथंच आहे.

पण मला जे विसरता येत नाही ते त्या दिवशीचंच, कचेरी सुटण्याआधीचं. कारकुनानं कागद बांधले, सलोत्री निघून गेला. हरिचंद नायक साहेबांच्या पाया पडायला वाकला तर त्यांनी त्याला वरच्या वर धरलं. नानीबाईला मात्र अजून कळलं नव्हतं, की मधे काय झालं आणि कागदावर रेघ कशाची मारली. तिनं मला विचारलं. मी म्हणालो, "काही नाही, झालं ते. जा आता."

साहेबांना शब्द कळले नसतील, पण मी टाळतोय हे त्यांनी ओळखलं. "नहीं," ते म्हणाले. "इसको बताओ. इसकी जबान में. तुमने क्या लिखा था."

म्हणून मी सांगितलं. तिच्यासमोर उभा राहून, तिच्या भाषेत. "नानीबाई, तुम्ही सांगितलंत ते मी लिहिलं. पण मधे एक खोटं माझ्या पदरचं घातलं. सलोत्री दारू प्यायला होता, असं. त्यावर तुमचा अंगठा घेतला. त्यापायी आज तुमच्यावर खटला झाला असता आणि तांडा उठला असता."

ती ओरडली नाही. शिवी दिली असती तर मी मान खाली घालून घेतली असती, ते सोपं होतं. तिनं नुसतं विचारलं, "काहून?"

"अर्जीला वजन यावं म्हणून."

हरिचंद नायक तिला म्हणाला, चल. ती हलली नाही.

"मुन्शीजी, बावीस जनावरं मेली आमची. माझ्या हातानं पुरली मी. हे खरं काहून कमी पडलं तुमाला?"

"क्या कहती है?" साहेबांनी विचारलं.

मी ते उर्दूत सांगायला गेलो. शब्द सगळे येत होते मला. पण "बाईस जानवर" एवढं म्हणून थांबलो, आणि साहेबांना पुन्हा विचारावं लागलं.